रिकामी बकेट : गिटलॅबची ३१ जानेवारी २०१७ ची रात्र

प्रॉडक्शनचा, म्हणजे खरे लोक वापरत असलेल्या यंत्रणेचा, डेटाबेस स्वतःच्या हाताने उडवलेला एक तरी माणूस प्रत्येक ऑपरेशन्स टीमच्या ओळखीत असतो. म्हणूनच गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या सेवेचं, प्रकरण निघालं की लोक "हो हो, चुकीच्या सर्व्हरवर आरएम मारला ते ना?" एवढं म्हणून मोकळे होतात (आरएम म्हणजे फाइली पुसण्याची आज्ञा). मला ते अर्धवट वाटतं. ती आज्ञा फार तर एक-दोन सेकंद चालली. पण तिच्या आधीपासून त्या यंत्रणेतल्या तीन-चार गोष्टी बिघडलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. त्या रात्रीचा खरा गुन्हेगार हा मुकेपणा आहे असं माझं मत आहे, आणि प्रकरण मी त्याच बाजूने मांडणार आहे.

इतक्या बारकाव्यांसह हे बोलता येतं याचं श्रेय गिटलॅबलाच द्यायला हवं. आपल्या हातून प्रॉडक्शनचा डेटा पुसला गेला, हे कंपनीने त्याच रात्री जाहीर केलं. इंजिनिअर काम करता करता ज्या नोंदी लिहीत होते ते गूगल डॉक सगळ्यांना खुलं केलं आणि दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. एका वेळी सुमारे ५,००० लोक ते बघत होते. पुढे १० फेब्रुवारीला सविस्तर पोस्टमॉर्टेम, म्हणजे घोळाच्या कारणांचा अहवाल, आलं. ज्याच्या हातून आज्ञा चालली त्याचा उल्लेख त्यात फक्त 'टीम-मेंबर-१' असा आहे. मीही नावाच्या भानगडीत पडत नाही, त्याने काही साधत नाही.

मांडणी

गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, किंवा कंपनी जे चालवते त्या गिटलॅब डॉट कॉमवर वापरता येतं. घोळ झाला तो या दुसऱ्या ठिकाणी. स्वतःकडे बसवून घेतलेल्यांना त्या रात्री काहीच कळलं नसेल.

गिटलॅब डॉट कॉम तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर चालत होतं. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६, आणि त्यासाठी दोनच मशीन: एक प्रायमरी, एक सेकंडरी. वाचणं-लिहिणं सगळं प्रायमरीवर. सेकंडरी मागून प्रत घेत राहायची आणि प्रायमरी पडली तर तिची जागा घ्यायची, बाकी तिला काम नाही. होस्टनावं जवळजवळ जुळी: एकाची सुरुवात डीबी१ ने, दुसऱ्याची डीबी२ ने, पुढचं सगळं सारखं. गिटच्या रेपॉझिटरी (कोडचे साठे) आणि विकी मात्र वेगळ्या फाइल सर्व्हरवर होत्या. लोकांचा कोड वाचला तो यामुळे. गेलं ते डेटाबेसमधलं: प्रोजेक्टच्या नोंदी, इश्यू, कॉमेंट, खाती.

संध्याकाळ ते साडेअकरा

पुढच्या सगळ्या वेळा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहेत.

संध्याकाळी ५:२० च्या सुमारास एक इंजिनिअर स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या मशीनवर, पीजीपूल नावाचं साधन तपासायला बसला होता. प्रायमरीवरचा भार अनेक मशीनवर वाटता येतो का, हे त्याला बघायचं होतं. स्टेजिंगवर ताजा डेटा हवा म्हणून त्याने प्रॉडक्शनच्या डेटाबेसचा एक एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) हाताने घेतला. असा स्नॅपशॉट एरवी चोवीस तासांतून एकदा आपोआप निघायचा. त्या दिवशी मध्येच एक जास्तीचा निघाला तो निव्वळ याला हवा होता म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

सात वाजता डेटाबेसवरचा भार एकदम चढला. पहिला संशय स्पॅमवर गेला, आणि तो पूर्ण चुकीचा नव्हता. पण नंतर दुसरंही एक कारण सापडलं. कोणा उपद्रवी माणसाने गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार ठोकली होती. ती तक्रार हाताळताना ते खातं चुकून काढून टाकायच्या यादीत गेलं आणि त्या खात्याचा सगळा पसारा पुसण्याचं काम पार्श्वभूमीवर सुरू झालं. वापरणाऱ्यांना कॉमेंट टाकता येईनात. भार आटोक्यात आणण्यात काही तास गेले.

इथवर थकवणारी पण नेहमीचीच संध्याकाळ होती. अकराच्या सुमारास सेकंडरी मागे पडली, आणि मागे पडता पडता तिने मान टाकली. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी 'वॉल' नावाच्या नोंदवहीत लिहितो. सेकंडरी ती वही वाचत वाचत मागून येते. पण प्रायमरी जुनी पानं कायम जपत नाही, जागा मोकळी करायला काही वेळाने काढून टाकते. भार वाढला की पानं भराभर भरतात, भराभर जातात. सेकंडरीला हवं असलेलं पानच उरलं नाही की तिला पुढे सरकता येत नाही. ही पानं दुसरीकडे साठवण्याची सोय, म्हणजे वॉल आर्काइव्हिंग, गिटलॅबने लावलेली नव्हती. मग एकच मार्ग उरतो: सेकंडरीवरची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची आणि पीजी-बेसबॅकअप चालवून प्रायमरीची संपूर्ण प्रत नव्याने आणायची.

टीम-मेंबर-१ च्या घड्याळात तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तो लॉग-ऑफ करायच्या बेतात होता, पण रेप्लिकेशन, म्हणजे सेकंडरीने प्रत घेत राहणं, तुटलं म्हणून थांबला. थेट नोंदींमध्ये हे तसंच लिहिलेलं आहे. ज्याने ऑन-कॉल (बिघाडासाठी हाकेला हजर राहण्याची पाळी) केलं आहे त्याला या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

त्याने सेकंडरीवरची डिरेक्टरी रिकामी केली आणि पीजी-बेसबॅकअप सुरू केला. तो अडकला. जास्तीची माहिती दाखवण्याचा पर्याय लावूनही काही छापेना. काही प्रयत्नांनंतर तक्रार आली की प्रायमरीकडे रेप्लिकेशनसाठी मोकळ्या जोडण्या नाहीत. त्याने प्रायमरीवर ती मर्यादा वाढवली. त्यासाठी पोस्टग्रेस पुन्हा सुरू करावा लागतो, तर तो सेमाफोर नावाची, सिस्टिम मोजूनच देते ती साधनं फार झाली म्हणून सुरूच होईना. कमाल जोडण्यांचा आकडा ८,००० होता आणि त्यावर जवळजवळ वर्षभर सगळं चाललं होतं. तो २,००० वर आणला, तेव्हा पोस्टग्रेस उठला. पुन्हा पीजी-बेसबॅकअप. पुन्हा तीच शांतता. एस-ट्रेस (प्रोग्राम आत काय करतोय ते दाखवणारं साधन) लावून आत डोकावलं तर तो पोल नावाच्या कॉलमध्ये थांबलेला, म्हणजे कशाची तरी वाट बघतोय. कशाची, ते कळायला मार्ग नाही.

मुकेपणाचा पहिला नमुना हाच. पीजी-बेसबॅकअप बिघडलेला नव्हताच. प्रायमरीने प्रत पाठवायला सुरुवात करेपर्यंत तो गुपचूप थांबतो, ते त्याचं नेहमीचं वागणं. प्रायमरीला आधी चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचं काम, पुरा करावा लागतो आणि मूळ सेटिंगमध्ये ती तो डिस्कवर ताण येऊ नये म्हणून सावकाश करते. टीममधल्या दुसऱ्या एका इंजिनिअरला हे थांबणं माहीत होतं, पण ते रनबुकमध्ये, म्हणजे कामाच्या लिखित पायऱ्यांमध्ये, स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. पोस्टग्रेसच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये जास्तीची माहिती दाखवण्याचा तोच पर्याय लावला की चेकपॉइंट पुरा होण्याची वाट पाहत असल्याचा संदेश एका ओळीत येतो. ती ओळ त्या रात्री पडद्यावर उमटली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती असं मला वाटतं.

तशी ओळ नसल्यामुळे माणूस स्वतःच अंदाज बांधू लागतो. साडेअकराच्या सुमारास टीम-मेंबर-१ ला वाटलं, सेकंडरीवर डेटा डिरेक्टरी रिकामी असली तरी ती तिथे असणंच नडत असेल. ती काढूनच टाकू. त्याने पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की समोरचा टर्मिनल डीबी१ चा आहे. त्याने आज्ञा तोडली. सुमारे ३०० जीबी डेटा होता, ४.५ जीबीच्या आसपास उरला.

बॅकअप शोधताना

डेटा गेला म्हणून कोणी लगेच हाय खाल्ली नाही. बॅकअप कशासाठी असतात? स्लॅकवर मदतीची हाक गेली आणि शोधाशोध सुरू झाली.

पहिली जागा साहजिकच ॲमेझॉनच्या एस३ या ऑनलाइन साठवणीतली बकेट, म्हणजे फाइली ठेवायचा कप्पा. पीजी-डंप, म्हणजे डेटाबेसमधला डेटा फाइलमध्ये उतरवणारं साधन, रोज चालून डंप तिथे जाऊन पडायचे. बकेट उघडली तर रिकामी. डंप जुने झाले होते किंवा अर्धवट होते असंही नाही, तिथे काहीच नव्हतं.

यामागचं कारण इतकं साधं आहे की अंगावर काटा येतो. गिटलॅबच्या पॅकेजमध्ये पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्यांची साधनं होती, ९.२ आणि ९.६. कुठली वापरायची हे डेटा डिरेक्टरीतली आवृत्तीची फाइल वाचून ठरायचं. पण बॅकअप चालायचा ॲप्लिकेशन सर्व्हरवरून, आणि तिथे डेटा डिरेक्टरी असणारच कशी? फाइल नाही म्हणून साधन मुकाट ९.२ कडे वळायचं. आपल्याहून नव्या सर्व्हरचा डंप घ्यायला पीजी-डंप नकार देतो, आणि तो बरोबरच करतो. तो एरर देऊन बाहेर पडायचा. डंप होत नव्हता आणि बकेटमध्ये काही जात नव्हतं.

बरं, एरर आली तर कोणाला तरी कळलं असेलच ना? तशी सोय होती. क्रॉनचं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं, काम फसलं की मेल जायची. पण मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर डीएमएआरसीची, म्हणजे मेल खरोखर त्या पाठवणाऱ्याचीच आहे का याची, तपासणी होती, क्रॉनच्या मेल त्या तपासणीत बसेल अशा सही केलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या दारातूनच परत फिरायच्या. साधन ओरडत होतं, ओरडल्याची चिठ्ठीही लिहीत होतं, पण ती चिठ्ठी पोचत नव्हती. आणि मेल येत नाही याचा अर्थ आपण सगळे काय घेतो? सगळं ठीक आहे.

इथे थोडं स्वतःचं सांगतो, कारण गिटलॅबला हसायचा हक्क मला नाही. एका जुन्या नोकरीत आमचा रात्रीचा बॅकअप पाइपमधून जायचा: डंप काढा, तो जीझिप या फाइल आवळणाऱ्या साधनाला द्या, फाइल लिहा. पासवर्ड बदलल्यावर डंप पहिल्याच पावलावर पडायला लागला. पण शेल पाइपमधल्या शेवटच्या आज्ञेचा निकाल खरा मानतो, आणि जीझिपला कोणी रिकामा इनपुट दिला तर तो आनंदाने रिकामी फाइल आवळून यशस्वी म्हणून परततो. रोज पहाटे नवी फाइल, तारीख बरोबर, नाव बरोबर, डॅशबोर्डवर हिरवा ठिपका. शेवटी कोणीतरी आकाराचा रकाना बघितला: प्रत्येक फाइल २० बाइटची. रिकाम्या जीझिपचा आकार तेवढाच असतो. आम्हाला रिस्टोअरची गरज पडायच्या आधी ते सापडलं, याला नशीब सोडून दुसरा शब्द नाही. मधली आज्ञा फसली तरी अपयश कळवणारा पाइपफेल नावाचा पर्याय तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत असतो.

गिटलॅबच्या शोधाकडे परत येऊ. दुसरी जागा अझूरचे डिस्क स्नॅपशॉट. फाइल सर्व्हरसाठी ते चालू होते, डेटाबेसच्या मशीनसाठी नव्हते. कारण? डेटाबेसला बाकीचे बॅकअप पुरेसे आहेत असा समज. प्रत्येक कुंपण दुसऱ्या कुंपणाच्या भरवशावर अर्धवट सोडलेलं. तिसरी जागा सेकंडरी, पण ती तर दुरुस्तीसाठी नुकतीच त्यांनीच रिकामी केलेली. शिवाय रेप्लिकाला, म्हणजे सेकंडरीसारख्या चालत्या प्रतीला, बॅकअप म्हणणं ही सवयच वाईट आहे. प्रायमरीवर चुकीची डिलीट क्वेरी गेली की रेप्लिका ती इमानदारीने, काही सेकंदांत, स्वतःवरही चालवते.

थेट नोंदींमध्ये त्या रात्री त्यांनी स्वतःच लिहून टाकलं: बॅकअप आणि रेप्लिकेशनचे पाच प्रकार आहेत, त्यांतला एकही नीट चालत नाहीये किंवा मुळात लावलेलाच नाही.

उरलं ते एलव्हीएमचं. रोजचा स्नॅपशॉट जवळपास चोवीस तास जुना, आणि ५:२० चा, पीजीपूलसाठी हाताने घेतलेला, सहा तास जुना. तो दुसरा त्यांनी उचलला. एका इंजिनिअरला त्या संध्याकाळी योगायोगाने ताजा डेटा हवा होता म्हणून हजारो लोकांचे आणखी अठरा तास वाचले. तपासलेल्या बॅकअपांपैकी एकही उपयोगी पडला नाही आणि उपयोगी पडला तो कोणी बॅकअप म्हणून घेतलेलाच नव्हता.

अठरा तास

स्नॅपशॉट होता स्टेजिंगवर. तो प्रॉडक्शनला आणायचा म्हणजे एका डेटाबेसची कॉपी, तासाभराचं काम, असं कोणालाही वाटेल. पण स्टेजिंगची मशीन अझूरच्या जुन्या व्यवस्थेतली, हळू डिस्कवाली. कॉपीचा वेग सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास अडकला. अडथळा नेटवर्कचा नव्हता, डिस्कचा होता.

हिशेब करून बघा. ३०० जीबी म्हणजे २४ लाख मेगाबिट. भागिले ६०, म्हणजे ४० हजार सेकंद. अकरा तास फक्त बाइट इकडून तिकडे नेण्यात. १ फेब्रुवारीला संध्याकाळी पाचच्या सुमारास डेटाबेस परत आला, पण वेबहुकशिवाय (काही घडलं की दुसऱ्या सर्व्हरला आपोआप संदेश पाठवण्याची सोय), कारण स्टेजिंगवर डेटा आणताना वेबहुक मुद्दाम काढून टाकले जातात. तसं करणं शहाणपणाचंच आहे, नाहीतर चाचणीच्या मशीनवरून खऱ्या लोकांच्या सर्व्हरला खरे संदेश जातील. ते परत बसवून सगळं संपेपर्यंत सहा वाजले, म्हणजे डेटा पुसल्यापासून अठरा तासांहून थोडं जास्त.

स्टेजिंगला स्वस्त डिस्क देण्यात मला काही गैर दिसत नाही, सगळेच देतात. फक्त ती डिस्क एका रात्री तुमच्या कंपनीचा रिस्टोअरचा वेग ठरवणार आहे, हे डिस्क निवडताना कोणाच्या डोक्यात नसतं. बॅकअपचं बोलताना आपण 'किती जुना डेटा चालेल' एवढंच विचारतो. 'परत आणायला किती वेळ लागेल' हे मोजून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायचं म्हणजे एकदा खरंच परत आणायचा.

नुकसानीचा गिटलॅबचा अंदाज असा: सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कॉमेंट आणि ७०० नवी खाती. ५:२० ते ११:३० या सहा तास दहा मिनिटांत ज्यांनी काही लिहिलं त्यांचं ते गेलं.

दुरुस्त्या, आणि माझं म्हणणं

गिटलॅबने पुढच्या कामांची यादी जाहीर केली. काही कामांवर मी वेळ घालवणार नाही. टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये होस्ट आणि वातावरण ठळक दिसेल असा बदल केला, चांगलं केलं. लाल रंगाचा प्रॉम्प्ट मीही लावतो आणि महिन्याभरात तो दिसेनासा होतो. त्यापेक्षा मला एक साधी सवय जास्त कामाची वाटते: डिरेक्टरी पुसायची नाही, तिचं नाव बदलायचं, शेवटी तारीख जोडायची. जागा असेल तोवर राहू द्यायची. तेच काम होतं आणि चुकीच्या मशीनवर झालं तरी उलटवता येतं. चालू पोस्टग्रेसच्या पायाखालून असं नाव बदलणंही बरं नाही, पण ३०० जीबी जागच्या जागी असतील.

एलव्हीएमचे स्नॅपशॉट चोवीस तासांऐवजी दर तासाला केले, वॉलची पानं साठवण्याचं काम हाती घेतलं, स्टेजिंग चांगल्या मशीनवर हलवायचं ठरलं. हे सगळं व्हायलाच हवं होतं.

खरी गोम मॉनिटरिंगमध्ये आहे. बहुतेक टीमचे अलर्ट 'काहीतरी वाईट घडलं' या घटनेवर बेतलेले असतात: सीपीयू चढला, डिस्क भरली, एरर आली. बॅकअपचं उलटं आहे. तिथे वाईट बातमी म्हणजे काहीच न घडणं. फाइल आली नाही, मेल आली नाही, काम चाललंच नाही. जी गोष्ट घडलीच नाही ती कुठलीही घटना पाठवत नाही. म्हणून अपयशाचा अलर्ट लावणं इथे जवळपास निरुपयोगी आहे. यशाची खूण मागायची, आणि ती वेळेवर आली नाही की ओरडायचं.

प्रोमिथियस या मॉनिटरिंगच्या साधनात हे करताना मी असं करतो. बॅकअपची स्क्रिप्ट अगदी शेवटी, फाइल बकेटमध्ये पोचली हे परत वाचून बघितल्यावर, दोन आकडे लिहिते: आत्ताची वेळ आणि फाइलचा आकार. अलर्टचा नियम म्हणतो, आत्ताची वेळ वजा शेवटच्या यशाची वेळ २६ तासांपेक्षा जास्त झाली तर पेज करा (ड्युटीवरच्या माणसाला उठवा). रोजच्या कामाला दोन तासांची सूट. दुसरा नियम आकाराचा: कालच्यापेक्षा निम्म्याहून लहान फाइल आली तर पेज करा. तिसरा, हा आकडाच कुठून येत नसेल तर पेज करा, त्यासाठी ॲबसेंट नावाचं फंक्शन आहे. यात एक खड्डा मी स्वतः पडून शोधलाय. छोट्या कामांचे आकडे पुशगेटवे या मधल्या सर्व्हरमार्फत पाठवले तर तो शेवटचा आकडा अनंत काळ जपून ठेवतो. काम बंद पडून महिना झाला तरी आकडा तिथे हजर, त्यामुळे ॲबसेंट कधी वाजतच नाही. वेळेचं वय मोजणारा नियमच तिथे कामी येतो.

अलर्टची वाट मुळातच तुटली असेल तर काय, हा पुढचा प्रश्न. गिटलॅबकडे नेमकं तेच झालं होतं, चिठ्ठी दारातून परत जात होती. यावर जुना उपाय म्हणजे कायम वाजत राहणारा एक खोटा अलर्ट लावायचा, जो दर काही मिनिटांनी बाहेरच्या एका वेगळ्या सेवेला 'मी जिवंत आहे' असं कळवेल. तो थांबला की ती सेवा तुम्हाला उठवते. मॉनिटरिंगवर मॉनिटरिंग म्हणून लोक याची थट्टा करतात. करू देत.

आणि हे सगळं केलं तरी हातात फक्त एवढंच येतं की बकेटमध्ये योग्य आकाराची फाइल आहे. त्या फाइलमधून डेटाबेस उभा राहतो का, हे उभा केल्यावरच कळतं. बॅकअपमधून आपोआप रिस्टोअर करून बघणं गिटलॅबच्या यादीतही होतं. मी म्हणेन, ते कामही डिप्लॉयच्या पाइपलाइनसारखं वागवा: रोज रात्री नवं मशीन, ताजी फाइल, रिस्टोअर, मग दोन-चार साध्या क्वेरी. सर्वात नवी कॉमेंट किती जुनी आहे? खात्यांची संख्या कालपेक्षा कमी तर नाही? संपायला किती मिनिटं लागली? हा शेवटचा आकडा आलेखावर ठेवला की डेटा वाढेल तसा तो कसा चढतो ते सगळ्यांना दिसतं, आणि अठरा तासांचा धक्का रात्रीत बसत नाही.

आता मला या पोस्टमॉर्टेममधली सर्वात आवडलेली जागा. त्यांनी 'का?' विचारत विचारत खाली जायची पद्धत वापरली. डेटाबेस का गेला, रिस्टोअर का जमलं नाही, बॅकअप का फसले, फसल्याचं का कळलं नाही, नियमित तपासणी का होत नव्हती. सर्वात खालच्या पायरीवर ना आरएम आहे, ना डीएमएआरसी, ना आवृत्तीची फाइल. तिथे लिहिलंय की ही जबाबदारी कोणाकडेच नव्हती. त्यावर त्यांनी डेटा टिकवण्याच्या कामाला एक मालक नेमायचं ठरवलं.

डेव्हऑप्स शिकवताना 'सगळ्यांची जबाबदारी' हा शब्द फार वापरला जातो. कल्पना छान आहे, पण बॅकअपसारख्या कंटाळवाण्या कामात तिचा अर्थ बघता बघता 'कोणाचीच नाही' असा होतो. गिटलॅबमधले लोक नवखे नव्हते. एस-ट्रेस लावून पोलपर्यंत पोचणारा माणूस कच्चा नसतो. पण बकेट उघडून बघणं त्यांच्यापैकी कोणाच्याच सोमवारच्या यादीत नव्हतं. माझ्या टीममध्ये आता रोटेशनने एकाचं नाव लिहिलेलं असतं, आणि ज्याचं नाव असेल त्याने त्या आठवड्यात एकदा हाताने, रनबुक समोर ठेवून, कोणाला न विचारता रिस्टोअर करायचं. जिथे त्याला विचारावं लागतं ती ओळ रनबुकमध्ये कमी आहे असं समजायचं. पीजी-बेसबॅकअप गप्प राहतो तेव्हा घाबरू नये, ही ओळ अशाच एका आठवड्यात आमच्याकडे आली.

एक गोष्ट राहिली. साइट पुन्हा उघडण्याआधी गिटलॅबच्या इंजिनिअरनी डेटाबेसमधले सगळे अनुक्रमांक १ लाखाने पुढे ढकलले. कारण असं: हरवलेल्या सहा तासांत जे प्रोजेक्ट, इश्यू, खाती तयार झाली होती त्यांना क्रमांक मिळालेले होते. डेटाबेस ते विसरला होता, पण ते क्रमांक बाहेर कुठेतरी, कोणाच्या लिंकमध्ये, कोणाच्या स्क्रिप्टमध्ये शिल्लक असू शकत होते. तोच क्रमांक उद्या दुसऱ्याच्या प्रोजेक्टला लागला तर जुनी लिंक परक्याच्या दारात जाऊन उभी राहील. म्हणून प्रत्येक यादीत एक मोठी फट सोडली आणि ती फट ओलांडून पुढून मोजायला सुरुवात केली.